आमदारांच्या ताटातली भाकरी

नीलम्मा अक्का माझ्या शेजारी राहतात. सोलापुरात कडक भाकरी करणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, पण अक्कांच्या भाकरीवर त्यांची बोटं उमटलेली दिसतात आणि ती पापडासारखी कुडकुडीत असते. नवरा गेला त्या वर्षी त्यांनी तवा चढवला. आज त्यांच्याबरोबर अठरा बायका थापायला बसतात. सगळा माल एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर जातो. तिथली विक्री थांबली, तर या अठराजणींनी करायचं काय?

गेल्या महिन्यात अण्णाराव स्वतः त्यांच्या दारात आले. यंत्रावर भाकरी करून पाकिटातून विकणाऱ्या कारखानदारांच्या संघाचे हे अध्यक्ष.

"अक्का, मुंबईहून विधानसभेच्या समितीचे तीन आमदार येणार हायत. आपल्या धंद्याच्या अडचणी त्यांच्या कानावर घालायच्या हायत. जेवण तुमच्याच हातचं पायजे."

घरची पाकिटं सोडून हे गृहस्थ अक्कांकडे का आले, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण अक्का त्या 'आपल्या'वर विरघळल्या. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणली, पहाटेपासून थापत बसल्या. मी निवृत्त शिक्षिका, वाढायला मदत म्हणून गेले.

संघाच्या हॉलमागच्या खोलीत, शेंगाचटणीच्या डब्याशेजारीच आमदारांना द्यायच्या निवेदनाच्या प्रतींचा गठ्ठा ठेवला होता. अक्कांची शाळा अक्कलकोटकडची, कानडी; मराठी वाचता येत नाही. त्यांनी एक प्रत माझ्या हातात दिली. "बाई, आमचं काय लिवलंय बगा की."

मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि माझं डोकंच फिरलं. एसटी स्टँडवर फक्त कारखान्यातली सीलबंद भाकरी विकू द्यावी. उघड्या हाताने थापलेली भाकरी आरोग्यास घातक आहे, तिच्यावर बंदी घालावी. आणि बाहेर तीन आमदार तीच भाकरी चटणीशी मोडून मोडून खात होते!

"ताटं ओढून घ्या त्यांची!" मी म्हणाले.

अक्कांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी मान हलवली. "जेवत्या माणसाच्या ताटाला हात लावायचा न्हाय, बाई. आमच्यात जेवू घालणं म्हंजे पूजा. जेवू द्या." आणि तुपाचं भांडं घेऊन त्या आग्रह करायला गेल्या. मला त्यांचाही राग आला.

पाहुण्यांचे हात धुऊन झाल्यावर मात्र अक्का थोरल्या आमदारांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, जेवण बरं हुतं का?"

"अप्रतिम! असली भाकरी मुंबईत मिळत नाही."

अक्कांनी निवेदन पुढे केलं. "मग हितं खाली एवढंच लिवा. या हातची भाकरी पोटभर खाल्ली आन् कायबी झालं न्हाय."

आमदारांनी कागद वाचला, अण्णारावांकडे पाहिलं. अण्णाराव म्हणाले, "अक्का, हे धोरणाचं काम हाय. तुमास्नी न्हाय कळायचं."

तिघांच्या खिशाला पेन होतं. एकानेही काढलं नाही. तिघांनाही एकदम पुढची बैठक आठवली. कारखानदारांना दीड तास, हारतुरे, खुर्ची. आणि जिच्या पोटावर पाय येणार तिच्या हाती वाढायचा चमचा! असेच आपले नियम ठरतात आणि वर आपण त्याला जनतेचं मत म्हणतो. मला संताप आवरेना.

आम्ही भांडी आवरत होतो. तेवढ्यात आमदारांचा पीए धावत आला.

"मावशी, साहेबांनी दोन डझन भाकरी बांधून मागितल्यात. घरी न्यायच्यात."

अक्कांनी उरलेल्या भाकऱ्यांच्या टोपलीवर फडकं ओढलं.

"हाताच्या हायत, बाबा. साहेबांच्या तब्येतीला घातक. अण्णारावांकडं सीलबंद पाकिटं हायत, त्यातली द्या म्हणावं."