दोर्किलसची लंगडी ओळ

दोर्किलस बसलेला मला आठवतच नाही. पारोस बेटावर, गावाच्या वेशीबाहेर, थडग्यांच्या रस्त्याला लागून आमचं आवार. मी संगमरवर कोरायचो, तो दगडावरची ओळ रचायचा, आणि रचताना सारखा चालायचा. भिंतीपासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून भिंतीपर्यंत. माझ्या दगडाच्या भुकटीत त्याच्या येरझारांची पायवाट पडली होती. जेवायचा तोही उभ्यानं. एका हातात जवाची भाकरी, दुसऱ्या हातानं मांडीवर ठेका. त्याची बायको फार पूर्वीच माहेरी निघून गेली. म्हणाली, हा माणूस झोपेतही पाय हलवतो. मी तिला दोष देत नाही.

त्याची ओळ म्हणजे आमची जुनी, सहा पावलांची, वीरांच्या कथा जिच्यात गातात ती. प्रत्येक पावलात एक लांब अक्षर आणि दोन आखूड, नाहीतर सरळ दोन लांब. नियम एवढाच, पण आमच्याकडे गाढवं हाकणाऱ्यालासुद्धा तो कानानं कळतो, आणि पाऊल चुकलं की तो दात काढतो. दोर्किलसचं पाऊल कधी चुकलं नव्हतं. त्याचं स्वतःचं नावही एक लांब, दोन आखूड. त्याचा केवढा तोरा! जसं काही बारशाला त्यानंच ते ठेवून घेतलं होतं.

एका शरदात मिर्तो आली. जाळी विणून पोट भरणारी विधवा. तिचा एकुलता एक मुलगा लूसिदेमस दगड वाहणाऱ्या नावेवर होता आणि नावेसकट बुडाला. प्रेत मिळालं नाही. थडगं रिकामंच राहणार होतं, म्हणून दगडावर जे कोरलं जाईल तेवढाच तिचा मुलगा.

"ओळीत त्याचं नाव पाहिजे," ती म्हणाली. "बाकी तुला सुचेल ते लिही."

दोर्किलस चालायला लागला, बोटं मांडीवर आपटत. विहिरीपाशी थबकला. "लूसिदेमस. लू-सि-दे. लांब, आखूड, लांब." त्याचा चेहरा पडला. दोन लांबांच्या मध्ये एकटं आखूड सापडलं, की ते नाव या ओळीत जात नाही. पुढे ढकला, मागे ढकला, काही उपयोग नाही.

"बाई, घरात काय म्हणायचात त्याला?"

"लूसिस."

"मग झालं की! लूसिस मस्त बसतं."

"घरातलं नाव घरात. रस्त्यावर माझा मुलगा आजोबांच्या पुऱ्या नावानं उभा राहील."

मी मध्ये तोंड घातलं. "मावशी, असं करू. नाव वर ठसठशीत कोरतो, ओळ त्याच्याखाली. सगळे तसंच करतात."

"वर म्हणजे ओळीच्या बाहेर?"

"हो."

"तो बाहेरच आहे रे," मिर्तो म्हणाली. "समुद्रात. आता दगडावरही त्याला बाहेरच ठेवता?"

दोर्किलस पुन्हा भिंतीकडे वळला.

त्यानंतर दोर्किलसनं मला वैताग आणला. चालायचा, थांबायचा, स्वतःलाच शिव्या द्यायचा, पुन्हा चालायचा. मी एका थडग्यावर 'प्रिय' शब्दात भलतंच अक्षर खोदलं, इतका तो डोक्यात गेला होता. एकदा त्यानं नावाचा अर्थ ओळीत घातला: लोकांची सुटका करणारा इथे आठवला जातो, वगैरे. मिर्तोनं ऐकून घेतलं. "कोडं कसलं घालतोस? माझं पोर आहे ते."

शेवटी एका सकाळी त्यानं ओळ माझ्यासमोर म्हटली. तिसऱ्या पावलाला नाव आलं आणि ओळ धाडकन आपटली.

"अरे, ही लंगडते!"

"मला सांगतोस?" तो खेकसला. "खोद म्हटलं ना! आणि मी वेशीच्या आत जाईपर्यंत हातोडा उचलू नकोस."

दगड उभा राहिला आणि त्याच्या जिवाला घोर लागला. आमच्याकडे वाटसरू थडगं मोठ्यानं वाचतो. त्यासाठीच तर ते रस्त्याकडेला असतं. आवारात सगळं ऐकू यायचं. जो यायचा तो डौलात सुरू करायचा आणि नावापाशी अडखळायचा. दोर्किलस कानांवर हात ठेवून विहिरीमागे पळायचा. बंदरावरचे कवी तर मुद्दाम येऊन मोठमोठ्यानं वाचायचे आणि खो खो हसायचे.

ऑलिव्ह झोडायचे दिवस संपता संपता तो माझा हातोडा घेऊनच उभा राहिला. "चल. ते नाव घासून काढ. लूसिस घालून ओळ सरळ केलीय मी. तिला वाचता येत नाही, आणि ऐकायला ती थोडीच इथे येऊन बसते!"

मला राग आला, पण त्याचे डोळे खोल गेले होते. गेलो.

दगडापाशी मिर्तो बसली होती, दगडाला लोकरीची फीत बांधत. तेवढ्यात एक गाढववाला थांबला आणि वाचायला लागला. नावावर ठेचकाळला. मागे गेला, पुन्हा सुरुवात केली, आणि या खेपेला सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणाला, "लू-सि-दे-मस." मान हलवून गाढवामागे निघून गेला.

मिर्तोनं वर पाहिलं. तिचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "ऐकलंस, दोर्किलस? सगळे त्याचं नाव दोनदा घेतात. बाकीच्या दगडांवर एकदाच घेतात, मी रोज ऐकते. तू हे कसं केलंस रे?"

दोर्किलसनं हातोडा पाठीमागे धरला. परतताना मला म्हणाला, "तोंड उघडशील तर बघ."

त्याच्या येरझारा काही थांबल्या नाहीत. कोणी अडखळलं की शेवटपर्यंत तो दचकायचा. फक्त पळायचा नाही. जागीच उभा राहून दुसऱ्यांदा नाव येण्याची वाट बघायचा.

गेल्या वर्षी तो गेला. स्वतःची ओळ त्यानं आधीच रचून ठेवली होती, पहिल्याच पावलात नाव. निर्दोष. लोक ती एका दमात वाचतात आणि चालायला लागतात. छिन्नी घेऊन तिचं एखादं पाऊल मोडावं, असं माझ्या कितीदा मनात आलं. हात होत नाही.

मिर्तो आता काठी टेकत येते. मुलाच्या दगडावर तेल ओतते आणि जाता जाता याच्याही दगडापाशी थांबते. "दोर्किलस," म्हणते. मग जरा दम खाते आणि पुन्हा म्हणते, "दोर्किलस."