शेवटच्या रांगेपर्यंत

माझा आवाज जन्मापासून घोगरा. नाजूक घोगरा वगैरे नाही, चांगला रेड्यानं घसा खाकरावा तसा. लहानपणी मी अंगणातून आईला हाक मारली की शेजारची म्हातारी विचारायची, "कोन पावनं आलं गं?" भाऊ हसून हसून लोळायचे. आई म्हणायची, "पोरीच्या जातीनं हळू बोलावं." मी तिच्या पुढं एक पाऊल गेले. घराबाहेर बोलणंच सोडून दिलं.

शाळेत हजेरीला बाकीचे "हजर" म्हणत, मी नुसता हात वर करायची. कुणाची हरकत नव्हती. मी सातवीत गेले आणि सांगलीहून नवे गुरुजी आले. अंगानं काडी, आणि आवाज असा बारीक की फळ्यावरचा खडू त्यांच्यापेक्षा मोठ्यानं बोलायचा. पहिल्याच दिवशी माझा हात बघून ते म्हणाले, "हात हजर आहे. पोरगी गैरहजर." आणि खरोखरच गैरहजेरी मांडली. आठवडाभर मी रोज शाळेत जाऊन गैरहजर होते. शेवटी संतापून मी म्हटलं, "हजर!" बाहेर लिंबाखाली रवंथ करत बसलेला बैल उठून उभा राहिला. सगळा वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. हरवलेली किल्ली सापडावी तसे ते माझ्याकडं बघत राहिले.

त्याला कारण होतं. आमचं गाव साताऱ्याकडचं, घरटी एक माणूस पलटणीत. शाळेसमोर मारुतीच्या देवळाचा कट्टा, आणि कट्ट्यावर सकाळपासून पेन्शनीत निघालेले फौजी. शाळेची कवायत ही त्यांची रोजची करमणूक. गुरुजींनी "सावधान" म्हटलं की कट्ट्यावरून विचारणा व्हायची, "गुर्जी, ते तुमी बोलला का चिमणी?" विचारणाऱ्यांत माझे वडील, आबाही असत. हवालदार होऊन परतलेले आबा घरात कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

गुरुजी मला शाळेमागच्या रानात नेऊ लागले, फौजींच्या नजरेआड. वर्ग रांगांत उभा, मी पुढं, आणि ते स्वतः शेवटच्या रांगेच्याही मागं. मी म्हणायची, "सावधान." ते कानाला हात लावायचे. "शेवटच्या रांगेला ऐकू आलं नाही." पुन्हा म्हणायची. "नाही आलं." एकदा मला रडूच कोसळलं. तेव्हा जवळ येऊन म्हणाले, "देवानं मला दिला नाही तो आवाज तुला दिलाय. आणि लाजतेस तू? लाजायचं तर मी."

त्याच सुमाराला घरात माझ्या पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला. हायस्कूल तालुक्याला होतं आणि मला तिथं जायचंच होतं. पण तेही मला तोंडानं सांगता येईना. गुरुजी माझ्यासाठी रदबदली करायला आले, तर आबा म्हणाले, "आवं गुर्जी, जी पोरगी त्वांड उघडत न्हाई, तिला हायस्कुलात घालून काय करायचं? शिकून पुन्यांदा मुकीच न्हवं?"

गुरुजी एवढंच म्हणाले, "सव्वीस जानेवारीला झेंड्याला या."

चीनच्या लढाईनंतरची ती पहिली सव्वीस जानेवारी. झाडून सगळं गाव आलं. फौजी कोटावर मेडलं लावून कट्ट्यापुढं एका ओळीत उभे होते, आबा मधोमध. मी झेंड्याच्या खांबाशेजारी. गुरुजी शेवटच्या रांगेमागं गेले आणि त्यांनी कानाला हात लावला.

"सावधान!"

पोरांच्या टाचा जुळल्या. त्या जुळायच्याच होत्या. पण पलीकडं फौजींच्याही जुळल्या. चिमणीवर हसणारी ती सगळी ओळ ताठ झाली. झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं. आता मी "विश्राम" म्हणायचं होतं, आणि माझी वाचाच बसली. आबा माझ्या शब्दावर उभे आहेत, हे काही केल्या मला पचेना.

पोरं चुळबुळू लागली. फौजी हलेनात. हुकूम सुटल्याशिवाय हलायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. तेवढ्यात कुणाची तरी शेळी ओळीपुढून हिंडत आली, आबांपाशी थांबली आणि त्यांच्या धोतराचा सोगा चघळू लागली. आबांची नजर समोर. सोगा आत चालला होता आणि शेळी वर चालली होती. बायकांतून आई ओरडली, "आवं, शेळी! आवं, धोतर!" आबा हलले नाहीत. ओठ न हलवता ते पुटपुटले, "पोरी, सोड की!"

मी गुरुजींकडं बघितलं. त्यांच्या एका शब्दानं सगळं निभावलं असतं. पण ते कानाला हात लावून नुसते उभे होते.

ज्या आवाजाला घरात सगळे हसत आले, त्याच आवाजाची आबा आता वाट बघत होते. मला हसू फुटलं, आणि हसण्याबरोबर शब्दही.

"विश्राम!"

सगळ्यांत आधी शेळी पळाली.

संध्याकाळी उरलेलं धोतर आईपुढं टाकत आबा म्हणाले, "हिला घाला हायस्कुलात. घरात ऱ्हायली तर आपल्यालाच हुबं करून ठिवंल."

पुढं मी सांगलीच्या एका दवाखान्यात नर्स झाले. भेटायची वेळ संपली, असं मी एकदा म्हटलं की मार्केट यार्डातले धिप्पाड हमालसुद्धा डबे उचलून जिना उतरतात. माझ्या आवाजाला आता कुणी हसत नाही, निदान माझ्यासमोर तरी.

एका वर्षी गुरुजीच माझ्या वॉर्डात दाखल झाले. म्हातारे झालेले, आवाज होता त्याहून बारीक. मोठे डॉक्टर फेरीला आले की ते मान द्यायला उठू बघायचे आणि त्यांना धाप लागायची. एका सकाळी डॉक्टर खाटेपाशी आले आणि ते असेच उठू लागले, तेव्हा मी वाकून, अगदी हळू म्हटलं, "विश्राम, गुरुजी."

त्यांनी हात कानाला लावला. "शेवटच्या खाटेला ऐकू आलं नाही."

माझे डोळे भरून आले. वॉर्डात शांतता राखा, असं दिवसभर बजावणारी मी ताठ उभी राहिले आणि छाती भरून ओरडले, "विश्राम!"

मोठ्या डॉक्टरांचे पाय आपोआप फाकले. गुरुजी उशीला टेकले आणि त्यांनी कानावरचा हात खाली घेतला.