दोन हातमोजे

केमोच्या खुर्चीत बसले की मी सिस्टरचे हात बघत राहते. आधी एक हातमोजा, त्यावर गाऊनची बाही आणि बाहीवरून पुन्हा दुसरा हातमोजा. मनगटाची एवढीशी कातडीसुद्धा उघडी ठेवायची नाही.

पहिल्या दिवशी मला रागच आला होता. "ज्या औषधाचा थेंब तुम्हाला चालत नाही, त्याची अख्खी बाटली माझ्या अंगात सोडताय?"

वनिता सिस्टर हसली. "काकू, तुमच्या अंगात त्याला काम आहे, माझ्या अंगात नाही. आणि तुमचं सहा वेळांत संपेल. मी रोज इथेच असते."

सहा वेळा सोसायचं म्हणून सगळे नातेवाईक मला धीराची म्हणतात. हिच्या वेळा कोण मोजतं?

आज माझी चौथी वेळ. वनिता आत नव्हती. "तिला दिवस गेलेत," दुसरी सिस्टर बाही ओढत म्हणाली. "आता ती या औषधांना हात लावणार नाही. तिचे पेशंट आम्ही वाटून घेतलेत." डब्यातली भाजी वाटून घ्यावी इतक्या सहज तिने ते सांगितलं.

मान वळवली, तर वनिता काचेच्या दाराबाहेर उभी. आत न येता तिने हात हलवला. तिचा उघडा हात मी पहिल्यांदाच पाहिला.

"तुमची कोण हो?" शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं.

सुई नसलेला हात मी जमेल तेवढा उंच केला. लेक बोर्डात आल्याच्या तोऱ्यात म्हटलं, "आमची सिस्टर आहे ती!"