राहिलेला आकडा

रेशनिंग उठलं तसं जळगावात लग्नाच्या पंगती पुन्हा मोठ्या झाल्या, आणि आमच्या गल्लीतल्या आवतणांच्या याद्या माझ्याकडे आल्या. कुणाला चूलबंद आवतण, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. कुणाला एकाच माणसाचं. हे मी ठरवत असे. एक घर चुकलं तर दोन पिढ्या बोलणं बंद. समोरची म्हातारी मुद्दाम दारात येऊन विचारी, "अक्का, बठ्ठं गाव लिखं, आमनं घर राही गयं का?" माझ्या यादीतून कुणी राहत नसे.

धाकटा भाऊ धुळ्याच्या कॉलेजात गणित शिकवत होता. लग्न केलं नव्हतं; सुट्टीत माझ्याकडेच येई. एका दिवाळीत म्हणाला, "अक्का, शून्य आणि एक यांच्या मधल्या सगळ्या आकड्यांना आवतण दे. यादी न संपणारी कर, हरकत नाही. तरी एक राहीलच."

"माझ्याकडून? शक्य नाही."

त्याने पाटीवर दशांशातले आकडे एकाखाली एक लिहिले, प्रत्येकाला लांब शेपूट. पहिल्याचा पहिला अंक बदलला, दुसऱ्याचा दुसरा, तिसऱ्याचा तिसरा. तिरपा खाली उतरत गेला. बदललेल्या अंकांचा नवा आकडा मांडला. "हा पाहुणा यादीत नाही. पहिल्याशी पहिल्या अंकात जुळत नाही, दुसऱ्याशी दुसऱ्यात. कुणाशीच नाही."

"मग घाल ना त्याला यादीत! वर लिही."

तो खदखदून हसला. "घाल. नव्या यादीतून नवा राहील."

मी चिडून पोळ्या लाटायला गेले आणि तव्यावरची पोळी करपेपर्यंत उभी राहिले. खरंच एक आकडा राहणार होता. माझं शिक्षण मराठी चौथीचं. पण इतक्या थोडक्यात, इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक सुट्टीत मी त्याच्याकडून एक नवी गोष्ट मागून घेई. घरात बाकी कुणाला त्यात रस नव्हता.

मग त्याला अर्धांगवायू झाला. मी त्याला धुळ्याहून आणलं. औषध, मालिश, पेज, सगळ्याच्या वेळा भिंतीवर लावल्या. जीभ सुटली, हात हलू लागला. डॉक्टर खूश होते. माझं एवढ्यावर भागणार नव्हतं. माझ्याशी गणित बोलणारा माणूस परत आलाय का, ते पाहायचं होतं.

एका सकाळी पाटी त्याच्यापुढे ठेवली आणि त्याचीच रीत त्याला समजावली. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"मग घाल ना त्याला यादीत," तो म्हणाला.

मला वाटलं, माझी नक्कल करतोय. हसून वर पाहिलं. तो हसत नव्हता.

"घाल," मी म्हटलं, "नव्या यादीतून नवा राहील."

त्याच्या कपाळाला आठी पडली. "अख्ख्या गल्लीची आवतणं करतेस, अक्का. एक आकडा घालता येत नाही?"

मी तो आकडा सगळ्यांच्या वर लिहिला. त्याचं समाधान झालं, त्याने पेज मागितली. नवा कोण राहिला, ते मला पाटीवर दिसत होतं.