दिगंबरभाऊंच्या लाल ठिपक्यापर्यंत

गाडीच्या सबवूफरला किती वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर लावावा, असं कोणी विचारलं की दिगंबरभाऊ उलट विचारायचे, "कोणासाठी?" गाडी कोणती, स्पीकर किती इंची, हे सगळं नंतर. जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या त्यांच्या अरुंद दुकानात जो येई त्याला हे आधी सांगावं लागे. सांगितलं नाही तर ते शांतपणे चहा मागवत आणि दुसरं काम करू लागत.

मलाही त्यांनी तेच विचारलं. मी नुकताच एका शाळेत फिजिक्स शिकवू लागलो होतो, आणि जुनी का होईना, दारात गाडी आली होती. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. "माझ्यासाठीच," मी म्हणालो. ते खोटं होतं. भाऊंनी चहा मागवला आणि दुसरं काम हाती घेतलं.

मला ते बाबांसाठी हवं होतं. बाबांनी इथल्या एका कारखान्यात घणाच्या शेडमध्ये उभी हयात काढली. मला पांढुर्ण्याला मामाकडे ठेवून शिकवलं, आणि माझी पदवी हातात येईपर्यंत त्यांचे कान गेले. पूर्वी ते कांचघरच्या भजन मंडळात ढोलक वाजवत. गणपतीत त्यांच्या ढोलकासह भरलेली मंडळाची एक कॅसेट घरात होती. कानाला यंत्र लावूनही त्यांना त्यातलं काही कळत नसे, नुसती खरखर येई. मला वाटे, कानांनी नाही तर अंगाने तरी त्यांना आपला ढोलक पुन्हा भेटावा. पण दुकानात हे सांगायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून स्वतःच्या अकलेने अ‍ॅम्प आणला. डब्यावर ठळक अक्षरांत दोन हजार वॅट लिहिलं होतं. तो बसवून घ्यायला मी भाऊंकडे गेलो. त्यांनी डबा पाहिलाच नाही. अ‍ॅम्प तळहातावर तोलला आणि बाजूचा फ्यूज नखाने उपसून माझ्यापुढे धरला.

"वाचा, मास्तर."

"वीस अँपिअर."

"अन् गाडीची बॅटरी?"

"बारा व्होल्ट."

"मंग करा गुणाकार."

दोनशे चाळीस. ते हसले. "त्यातलेबी अर्धे तापण्यात जातात. मंग हे दोन हजार कुठून आले जी? पोरायले शाळेत काय शिकवून राहिले तुम्ही?"

आदल्याच आठवड्यात मी हे सूत्र फळ्यावर लिहून दिलं होतं. माझे कान तापले.

"दोन हजार काहून पाहिजे होते?" त्यांनी हळूच विचारलं. "तुमच्या कानाले तर बरं ऐकू येऊन राहिलं." तेव्हा मी बाबांचं सगळं सांगितलं. ते ऐकताना भाऊंनी हातातला पेचकस खाली ठेवला.

"असं पहिलेच सांगायचं ना, भैया. गाडीत कोण बसणार, हे मालूम नसलं तर मी निवडू काय?"

फळीवरून त्यांनी एक काळा, वजनदार अ‍ॅम्प काढला. त्यावर अवघे पाचशे वॅट लिहिले होते, पण तीस-तीसचे दोन फ्यूज होते. स्पीकर तीनशेचा. "अ‍ॅम्प स्पीकरहून थोडा तगडाच पाहिजे. तगडा माणूस हळू बोलते. कमजोर असला का ओरडते, अन् ओरडला का आवाज फाटते. काकाजींनी जिंदगीभर फाटकाच आवाज ऐकला. अजून काहून ऐकवायचा?"

बसवायला दोन दिवस लागले. अर्थिंगची तार लावायच्या जागी त्यांनी रंग खरवडून पत्रा चकचकीत केला. मग म्हणाले, "आता तुम्ही उतरा. काकाजींले घेऊन या."

बाबा मागच्या सीटवर बसले. पाठीशी डिकीत सबवूफर. मी कॅसेट लावली.

"इंजन धडधडून राहिलं!" बाबा मोठ्याने म्हणाले. "पहिले ते दाखव त्याले!"

मी हसलो, भाऊ हसले नाहीत. ते बाबांच्या शेजारी जाऊन बसले, त्यांचा तळहात हातात घेतला आणि सीटच्या पाठीवर ठेवला. मग डिकीशी जाऊन पेचकसाने गेनचा, म्हणजे आवाजाचा जोर ठरवणारा, स्क्रू केसाएवढा फिरवत राहिले. नजर मात्र बाबांच्या बोटांवर. बराच वेळ काही झालं नाही. भाऊंनी स्क्रू थोडा मागे घेतला.

बाबांचा डावा हात गुडघ्यावर पडला. मग पुन्हा पडला. बोटं चालू लागली. एके ठिकाणी ती थबकली आणि बाबा ओरडले, "इथं! इथं माझा हात चुकला होता! गणपतीत!"

"बस," भाऊ म्हणाले. "इथंच."

खिशातून त्यांनी नेलपॉलिशची बाटली काढली आणि स्क्रूवर लाल थेंब सोडला, म्हणजे तो धक्क्याने हलू नये. बाटली त्यांच्या मुलीची होती. ती लग्न होऊन नागपूरला गेली तेव्हा मागे राहिलेली. "ती आली का विचारते, बाबा, माझी बाटली कुठी हाय. मी म्हणतो, अर्ध्या जबलपुरात हाय." बाबांनी उतरून त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्यानंतर चार वर्षं बाबा रोज संध्याकाळी उभ्या गाडीत कॅसेट लावून बसत. ते गेले. पुढे भाऊही गेले. मला कळलं तेव्हा दुकानात मोबाइलची कव्हरं लटकत होती. त्यांचे आभार मी नीट मानलेच नव्हते.

गाडी विकली तेव्हा अ‍ॅम्प काढून ठेवला. परवा तो नव्या गाडीत बसवायला सिव्हिल लाइन्सच्या एका मोठ्या दुकानात नेला. तिथल्या फिटरने पेचकस लाल ठिपक्याला लावला. "सर, गेन बहुत कम है. इतना धीमा किसके लिए?"

किती वर्षांनी कोणीतरी ते विचारलं होतं.

"रहने दो, भैया," मी एवढंच म्हणालो, आणि मागच्या सीटवर जाऊन बसलो.