कागदाची फळी

यंत्रमागावर चादरी विणणारी अक्का माझ्या पत्रे कापायच्या दुकानात आली तेव्हा मी मोहोळच्या एका गिऱ्हाइकाच्या मोटर-स्टार्टरची पाटी कापत होते. मशीन चालू असताना कुणी खांद्याला हात लावला की माझं डोकं फिरतं. तिनं नेमका हात लावला. मी ओरडले, ते तिनं ऐकून घेतलं, आणि पदराखालून एक लाकडी पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली.

हातभर लांब आणि चाळणीसारखी भोकांनी भरलेली. जकार्डच्या मागावर नक्षीच्या दोऱ्या वरून खाली उतरतात त्या अशा पट्ट्यांमधून, एका भोकातून एक दोरी. चार-सहा पट्ट्या शेजारी बसवल्या की मागाची फळी होते. अक्काची मधली पट्टी भोकांच्या रांगेवरूनच चिरली होती. दोऱ्या एकमेकींत घुसत होत्या, चादरीवरची फुलं वाकडी येत होती, म्हणून माग बंद.

"परवा भंगारवाला यायचाय," ती म्हणाली. "पोरानं सांगून ठेवलंय. चालत न्हाय तर जागा कशाला अडवायची, म्हणतो."

"मग माग गेल्यावर तुम्ही काय करणार?"

"विडीला बसायचं परत. दुसरं काय येतंय मला?" असं म्हणाली आणि लगेच तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत मी नुसती बघत राहिले. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी बायकांसारखी ती परकर घालायच्या वयापासून विड्या वळत आलेली. नवरा गेल्यावर त्याच्या मागावर उभी राहिली आणि तंबाखूचं सूप घराबाहेर काढलं. खोकला मात्र घरातच राहिला. "मेले तरी विडीला न्हाय बसणार," ती म्हणाली. हे ती मला सांगत होती की स्वतःला, ते मला कळलं नाही.

लाकडाची पट्टी पुन्हा चिरली असती. माझ्याकडे बॅकेलाइटचा तपकिरी पत्रा होता. दिसायला चामड्यासारखा, वाजवला तर शहाबादी फरशीसारखा. पण तो असतो निव्वळ कागद. कागदाचे थर राळेत भिजवून, तापवून, असे दाबलेले की करवतीचे दात जातात. मी अक्काला हे सांगितलं आणि चूक केली.

"कागुद? माज्या मागाला कागुद लावतीस व्हय?"

मी पत्रा जमिनीवर टाकला आणि त्यावर हातोडा मारला. ओरखडासुद्धा उठला नाही. तिनं खाली वाकून नखानं उकरून पाहिलं, मग वास घेतला. "औषधासारखा वास येतोय," म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. हाच तिचा होकार.

त्या जाडीचा तेवढाच तुकडा शिल्लक होता. नवा पत्रा पुण्याहून येईपर्यंत अक्काचा माग वितळूनही झाला असता. म्हणजे एकच डाव. कागदाचा पत्रा लोखंडासारखा माफ करत नाही. ड्रिल जोरात दाबलं की खालच्या अंगाला टवका उडतो, म्हणून खाली टाकाऊ प्लायवूड घट्ट आवळायचं. सारखं वर उचलून भुसा काढायचा, नाहीतर भोक जळतं. आणि पाडलेलं भोक थंड झालं की किंचित आवळतं, म्हणून ड्रिल थोडं मोठं घ्यायचं. जुनी पट्टी वर ठेवून मी खुणा केल्या. दोन भोकांमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढीच जागा उरत होती.

अक्का प्रत्येक भोकाला "सावकाश" म्हणत होती. पहिल्या रांगेला मी ऐकून घेतलं. दुसऱ्या रांगेला मशीन बंद केलं.

"अक्का, एक तर गप्प बसा, नाहीतर घरी जा. माझा हात हलला तर ती जबाबदारी तुमची."

ती गप्प बसली, पण ओठ हलतच होते. ते मला जास्तच त्रासदायक झालं. शेवटच्या रांगेच्या आधी करपट वास आला आणि दोन भोकांमध्ये केसाएवढी रेघ उठली. ड्रिल बदललं, हात पुसले, पुन्हा टेकवलं. रेघ तिथंच थांबली. काम संपलं तेव्हा माझे खांदे दगड झाले होते आणि अक्काच्या पदरावर तपकिरी पीठ साचलं होतं.

निघताना मी तिला बजावलं, "याला पाणी लावायचं नाही. कडा कापलेल्या आहेत, कागद पाणी पितो." तिनं मान हलवली. मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा मान हलवली.

भंगारवाला यायच्या दिवशी सकाळीच तिच्या मुलाचा फोन आला. "ताई, तुमच्या पट्टीतून दोरीच जाईना."

स्कूटर काढली ती रागातच. घर म्हणजे एक खोली आणि पुढं ओटा. खोलीत माग, मागाच्या कडेनं संसार. अक्का मागाखाली बसलेली, दोऱ्यांचे झुबके बांधून वर अडकवलेले, आणि मांडीवर माझी पट्टी. हातात घेतली तर चिकट. भोकांच्या तोंडाशी कागद फुगून लव आलेली.

"पाणी लावलंत ना?"

"पानी कुटं? पेज हाय की." ती खरोखरच दुखावली होती. "नवीन जिन्नस मागाला लावायचा तर त्याला आदी पेज पाजावी लागती. सूत सुदीक पेज पिल्याबिगर टिकत न्हाय. रातभर गरम पेजंत ठेवली."

मी तिला खूप बोलले. इतकं की ओट्यावर बसलेली तिची सून उठून आत आली. पोट पुढं आलेलं, दिवस भरत आलेले. तिला बघून मी थांबले. अक्का मात्र माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोलून झालं असंल तर काय करायचं ते सांग."

करायला काय, एकच गोष्ट होती. पट्टी पुसली, दोन फरश्यांमध्ये धरून वर वरवंटा ठेवला आणि उन्हात मांडली. सोलापूरचं ऊन निदान एवढ्या कामाला तरी उपयोगी पडलं. कोरडी झाल्यावर बारीक ड्रिल नुसत्या चिमटीत धरून एकेक भोक फिरवून मोकळं करायचं. यंत्र लावलं तर फुगलेला थर उपटून आला असता. मी एका टोकाकडून बसले, अक्का दुसऱ्या टोकाकडून. विड्या वळलेली तिची बोटं माझ्यापेक्षा हलकी चालत होती, आणि त्याचाही मला राग आला.

भंगारवाल्याचा टेम्पो दुपारीच येऊन उभा राहिला. तो ओट्यावर टेकला आणि पान लावत म्हणाला, "घाई न्हाय, मावशी. पर उजेड हाय तवर उचललं तर बरं." मुलगा टॉवेलच्या कारखान्यातून अर्धी सुट्टी टाकून आला होता. तो दारात उभा राहिला तो राहिलाच. रेघ उठलेल्या भोकाशी मी आले तेव्हा ड्रिल बाहेर काढून पुन्हा पुसायला लागले. अक्कानं पट्टी ओढून घेतली आणि ते भोक स्वतः फिरवलं. रेघ वाढली नाही.

पट्टी फळीत बसली. मग दोऱ्या. अक्का ओवत होती, मी गाठी मारत होते, ती माझ्या निम्म्या गाठी सोडून पुन्हा मारत होती. शेवटी तिनं बटण दाबलं. पहिले धागे वेडेवाकडे आले. मग एक पाकळी आली, तिच्या शेजारी दुसरी, आणि फूल पूर्ण उमटलं. इतका आनंद झाला की मी त्या आवाजात मोठ्यानं ओरडले.

मुलाच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. एरवी तो आईशी तेलुगूत बोलायचा, पण आता मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मराठीत बोलला. "ताई, तुमी काम लई चांगलं केलं. पर हिला दोन आठवड्यांत पोर हुईल. सांगा, ह्या खोलीत बाळंतीण कुटं ठेवू?"

भोकं कशी पाडायची एवढंच मला माहीत होतं. सुनेनं मान खाली घातली होती. खोली किती लहान आहे, हे मी सकाळपासून तिथं असूनही तेव्हाच पाहिलं. आपण कुणाचं तरी नुकसान करून बसलो की काय, असं वाटून मला लाज वाटली.

अक्कानं माग थांबवला.

"तुजी झोळी हितंच हुती," ती मुलाला म्हणाली. "ह्या खांबाला. माग थांबला की तू उटून रडायचास. सूत नसायचं तवा तुजा बाप रिकामा माग चालवत बसायचा, तुला झोप यावी म्हनून."

मुलानं त्या खांबावरून हात फिरवला. मग बाहेर गेला. त्यानं भंगारवाल्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, टेम्पो सुरू होऊन निघून गेल्याचं तेवढं ऐकू आलं. अक्कानं खोकून घेतलं, सुनेला दार लोटून घ्यायला सांगितलं आणि बटण दाबलं.