पाठमोरा आरसा

चष्म्याच्या दुकानाची एक गंमत असते. फ्रेमी विकून जातात, काचा फुटून जातात, पण गिऱ्हाइकांचे किस्से तिथंच साचत राहतात. कपाट झाडायला काढलं की एकेका खणातून किस्सा खाली पडतो! आमच्या परभणीच्या दुकानात तर आता फ्रेमींपेक्षा किस्सेच जास्त झालेत. आणि ज्याच्यासोबत मी त्यांवर हसायचो तो माणूस राहिला नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

दुकान माझ्या दादाचं. स्टेशन रोडला, चहाच्या हॉटेलासमोर. दादा हैदराबादला काचा घासायचं काम शिकून आला आणि त्यानं हे दुकान टाकलं. मी चौथीत मास्तरांशी भांडून शाळा सोडली, ती थेट त्याच्या हाताखाली आलो. ह्या पोळ्याच्या आधी दादाला कावीळ झाली आणि तो गेला. अजून मी सकाळी कुलूप काढलं की बाजूला सरकून उभा राहतो. आधी तो आत जायचा ना!

दादा गेल्यावर वहिनींचे भाऊ, जिंतूरचे मामा, आले. म्हणाले, "बाळ्याला दुकान झेपायचं न्हाई. पोरगं तापट हाय, शिकलेलं न्हाई. नांदेडचा एक व्यापारी तयार हाय, त्याला देऊन टाकू."

वहिनी म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत बघू."

झालं! दुकान वहिनींच्या शब्दावर टांगलेलं आणि मी दुकानावर.

*

आमच्या दुकानाची एक रीत होती, ती अख्ख्या जिल्ह्यात कुठं नव्हती. आमचा मोठा आरसा भिंतीकडे तोंड करून उभा असायचा. फ्रेम निवडताना गिऱ्हाइकाला आरसा द्यायचाच नाही! सोबत जो आला असेल त्यानं बघायचं, त्यानं पसंत करायचं, मग दादा आरसा फिरवणार. गिऱ्हाईक चिडलं की दादा म्हणायचा, "तुमचं तोंड तुमी दिवसातून कितीदा बघता? दाढी करताना. ह्यांना दिवसभर बघावं लागतं."

एकदा एक कंडक्टर बायकोला घेऊन आला. त्याला सिनेमातल्या हिरोसारखी मोठी काळी फ्रेम पाहिजे होती. दादानं ती घातली आणि बाईंना विचारलं, "कशी?" बाई पदराआडून नको म्हणाल्या. दुसरी घातली, नको. तिसरी, नको. शेवटी एक पातळ सोनेरी काड्यांची घातली, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "ही चालंल. ह्यात हे रागावल्यासारखे दिसत न्हाईत."

कंडक्टर एकदम ओरडला, "मी कधी गं रागावल्यासारखा दिसतो?"

बाई दादाला म्हणाल्या, "बघितलंत?"

*

आता जो एकटा येईल त्याचं काय? त्याच्यासाठी समोरचे रहीमचाचा. चहाचं हॉटेल त्यांचं. दादा हाक मारायचा आणि चाचा गल्ल्यावर बसूनच निकाल द्यायचे, "वा वा, क्या मस्त दिखरे साहब!" चाचांनी पसंत केलं म्हणजे गिऱ्हाईकही खूश. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं.

एक दिवस दादा फ्रेम घालून स्वतःच रस्त्यात उभा राहिला आणि म्हणाला, "चाचा, कसा दिसतो?"

चाचा म्हणाले, "एकदम नवाब! मगर आप हैं कौन?"

दादानं त्यांना तसंच हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. नंबर केवढा निघाला! चष्मा लागला तसे चाचा हॉटेलाच्या पायरीवर उभे राहिले आणि रस्त्यानं जाणाऱ्या चष्मेवाल्यांकडे बघायला लागले. एकेक ओळखीचा चेहरा येत होता आणि चाचांचा हात कपाळाला जात होता.

"या अल्ला! इनकू मैं पास करा था?"

*

एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. आठवड्यावर मुलगी दाखवायचा कार्यक्रम. डॉक्टरांनी तर चष्मा सांगितलेला. गृहस्थ दादाच्या कानाशी लागले, "दिसणार न्हाई असा चष्मा मिळंल का हो? पावण्यांच्या लक्षात आला न्हाई पाह्यजे."

दादा विचारात पडला. तोवर मुलगी मान खाली घालून बसली होती. आता मात्र मान वर करून म्हणाली, "दादा, पावण्यांचं राहू द्या. मला नवरदेव दिसला पाह्यजे, तसला द्या!"

*

हे दादाच्या काळातले झाले. आता माझे ऐका.

दादानं चेहऱ्यांना नावं ठेवली होती, ती फक्त आमच्या दोघांत. गोल चेहरा म्हणजे भाकरी. लांब चेहरा म्हणजे काकडी. चौकोनी म्हणजे डबा. हनुवटीकडे निमुळता तो आंबा. नियम पण सोपा होता. भाकरीवर भाकरी ठेवायची नाही, म्हणजे गोल चेहऱ्याला गोल काच द्यायची नाही, कोपरे असलेली द्यायची. डब्याला मात्र गोल द्यायची. काकडीला उभट फ्रेम दिली तर माणूस अजून लांब होतो, त्याला रुंद द्यायची. आंब्याला खालून जड अशी फ्रेम. दादा हे मनात म्हणायचा आणि तोंडानं म्हणायचा, "तुमच्या चेहऱ्याला ही शोभंल."

दादा गेल्यावर मी दुकान उघडलं, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक आलं ते जोडीनं. तहसील कचेरीतल्या हेडक्लार्कच्या बाई, सोबत साहेब. बाई गोल फ्रेमच मागायला लागल्या. मी दोनदा नको म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. मग मला राहवलं नाही.

"बाई, तुमचं तोंड म्हणजे भाकरी हाय! भाकरीवर भाकरी ठेवू का मी?"

दुकानात असा सन्नाटा पसरला की समोर चाचांचा स्टोव्ह ऐकू यायला लागला. साहेब उठले. बाई उठल्या. जिंतूरचे मामा म्हणत होते ते खरंच होतं म्हणा!

दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या. ह्या वेळी साहेब नव्हते, बहीण होती. मी स्टुलामागं लपायच्या बेतात होतो.

बाई म्हणाल्या, "माझी भाकरी. हिचं काय हाय ते सांग."

मी घाबरत घाबरत म्हणालो, "काकडी."

दोघी इतक्या हसल्या की बहिणीला ठसका लागला. दोघींनी फ्रेमी घेतल्या. जाताना बाई म्हणाल्या, "आमच्या साहेबांचं पण सांगून ठेव."

"डबा," मी म्हणालो.

"रिकामा का भरलेला?"

*

दर सोमवारी आम्ही एसटीनं ताडकळसच्या बाजाराला फ्रेमींची पेटी घेऊन जायचो. दादा गेल्यावर मी एकटाच गेलो. तिथं एक म्हातारबाबा डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आले. मी रीतीप्रमाणं विचारलं, "बाबा, सोबत कोण हाय?"

"बैल."

"तसं न्हाई बाबा. तुमच्याकडं दिवसभर बघतं कोण?"

"तेच तर सांगायलोय! म्हातारी गेली. पोरं पुण्याला. दिवसभर माझ्याकडं बैलच बघतो."

आता रीत म्हणजे रीत! बाबांनी बिनकाचेची जाड काळी फ्रेम घातली आणि आपल्या एका बैलाच्या गाडीजवळ गेले. बैलानं फुस्स केलं आणि तो दोन पावलं मागं सरला. दुसरी घातली. बैलानं तोंडच फिरवलं. बाजारातली माणसं जमली. तिसरी तपकिरी फ्रेम घालून बाबा पुढं झाले, तर बैलानं मान लांब केली आणि हनुवटीपासून कपाळापर्यंत बाबांचं तोंड चाटून काढलं, फ्रेमसकट!

"पास!" सगळा बाजार ओरडला.

त्या दिवशी पेटीतल्या तपकिरी फ्रेमी सगळ्या संपल्या. जो येईल तो म्हणायचा, "बैलानं पसंत केलेली दे."

मी पळत जाऊन एसटी धरली. सगळ्या वाटंनं हा किस्सा मनात जुळवत होतो. चाटण्याचं आधी सांगायचं का शेवटी, दादा कुठं हसंल, कुठं मांडीवर थाप मारंल. परभणीच्या स्टँडवर उतरून जवळजवळ धावतच दुकानाशी आलो.

दुकानाला कुलूप होतं. किल्ली माझ्याच खिशात होती.

*

एक गुरुजी आहेत, दर वर्षी चष्म्याची काडी मोडून आणतात. ह्याही वर्षी आले. मला बघून म्हणाले, "मोठा कुठं हाय?"

मी बाकावरचा पेपर त्यांच्या हातात दिला. म्हणालो, "बसा."

ते बसले. चाचांकडून चहा आला. पेपर वाचून झाला. "लय उशीर लागंल का त्याला?" मी म्हणालो, "बसा." परत चहा आला. शेवटी चाचाच रिकामे कप न्यायला आले, त्यांनी माझ्याकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं आणि त्यांच्या कानात काय ते सांगितलं.

गुरुजींनी पेपर घडी घालून ठेवला. मग बाकावरून उठले, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर येऊन बसले आणि मोडका चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"मग आता तूच बघ," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी पण मोडणारच हाय मी."

*

संक्रांतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. जिंतूरच्या मामांचा निरोप आला होता, नांदेडच्या व्यापाऱ्याला घेऊन येतो म्हणून. मी सकाळपासून फ्रेमी पुसत बसलो होतो. व्यापाऱ्याला द्यायच्या तरी चकचकीत द्याव्यात.

दुपारी वहिनीच आल्या. दादा गेल्यापासून त्या दुकानात आल्या नव्हत्या. सोबत छकुली, माझी पुतणी, पहिलीत जाते. शिलाईचं काम करताना वहिनींचं डोकं दुखायला लागलं म्हणून डॉक्टरला दाखवलं, तर नंबर निघाला होता. त्या चिठ्ठी माझ्या हातात देऊन स्टुलावर बसल्या.

छकुली म्हणाली, "काका, आईचं काय हाय? भाकरी का काकडी?"

"तुला गं कुणी सांगितलं हे?" मी दचकलो.

"अख्ख्या परभणीला म्हाईत हाय," वहिनी म्हणाल्या. "सांगा की. तुमच्या दादानं मला कधी सांगितलं न्हाई."

मला पटकन खोटं सुचत नाही. मी म्हणालो, "दादा म्हणायचा, तुझ्या वहिनीला सगळ्याच फ्रेमी शोभतात. तिला स्टुलावर बसवली तर मला निवडता यायचं न्हाई."

वहिनी खाली बघत राहिल्या. मग हात लांब करून त्यांनी स्वतःच एक साधी काळी फ्रेम उचलली आणि घातली. "ही द्या."

पण रीत होती. मी छकुलीकडे बघितलं.

छकुलीनं कमरेवर हात ठेवले. "नको. ह्यात तू रडल्यासारखी दिसती."

"मग कोणती घालू?"

छकुली कपाटाशी गेली आणि मधाच्या रंगाची, कोपरे वर गेलेली फ्रेम घेऊन आली. दादानं हैदराबादहून आणलेली. कॉलेजच्या मुलीसुद्धा ती नुसती हातात घेऊन परत ठेवायच्या. वहिनींनी ती घातली.

"ह्यात न्हाई दिसत तशी," छकुली म्हणाली.

"अगं, एवढी फॅशनची? लोक काय म्हणतील?"

"लोक आपल्या घरी राहतात का?"

आता पसंती झाली म्हणजे आरसा दाखवायला पाहिजे. मी गल्ल्यातला, हातात धरायचा छोटा आरसा पुढं केला. दादा गेल्यापासून सगळ्यांना तोच देत होतो. मोठा आरसा मी एकदाही फिरवला नव्हता. पूर्वी तो फिरवला की गिऱ्हाइकाच्या मागं दादा उभा असलेला दिसायचा, कायम.

"हा न्हाई," वहिनी म्हणाल्या. "तो."

मी जागचा हललो नाही. वहिनी उठल्या, दोन्ही हातांनी आरसा धरला आणि त्यांनीच तो फिरवला. आरशात काहीच दिसत नव्हतं. त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि मधोमध पुसलं, मग कडेनं पुसलं. आधी मधाच्या रंगाची फ्रेम दिसली, मग वहिनींचा चेहरा, मग कमरेवर हात ठेवलेली छकुली, आणि सगळ्यांच्या मागं मी.

वहिनींनी फ्रेम नाकावर नीट बसवली. मग आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"केवढी धूळ ही, भाऊजी! दुकान चालवायचं म्हणजे आरसा रोज पुसावा लागतो."